गश्ती निशाण ५३

२०१५ च्या पावसाळ्यात पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेताना मी एका दुपारीत पंधराएक सह्या केल्या. फी, हॉस्टेल, मेस, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. त्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं की, मी शिक्षण चालू असेपर्यंत कुठल्याही राजकीय हालचालीत भाग घेणार नाही, परवानगीशिवाय सभा भरवणार नाही, आणि तसं केल्यास कॉलेज जी कारवाई करेल ती मला मान्य असेल. मी पप्पांकडं बघितलं. ते रांगेत तीन तास उभे होते आणि अणदूरची परतीची गाडी संध्याकाळची होती. म्हणाले, "कर सही. समदेच करतेत."

केली.

त्याच महिन्यांत पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुलांचा संप चालू होता. अध्यक्षाच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवस चाललेला तो संप आमच्या हॉस्टेलपासून बसनं अर्ध्या तासावर होता. आमच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला : विद्यार्थ्यांनी अशा ठिकाणी जाऊ नये. कुणी गेलं नाही. खरं सांगायचं तर जायचं कुणाच्या मनातही नव्हतं, इंटर्नल्स होत्या. पण तो कागद डोक्यात राहिला, आणि पुढं काही वर्षांनी आमच्याच जिल्ह्याचा इतिहास वाचताना मला त्याचा आजा सापडला. त्याचं नाव गश्ती निशाण ५३.

अणदूर सोलापूर-हैदराबाद हायवेवर आहे. तुळजापूर तालुका, धाराशिव जिल्हा. बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते खंडोबामुळं. आमचा देव वर्षातले बहुतेक महिने अणदूरला राहतो आणि उरलेला काळ नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. सि. ना. आलुरे गुरुजींमुळं पंचक्रोशीत हे शाळा-कॉलेजाचंही गाव. इथून सोलापूर पन्नासएक किलोमीटरांवर, आणि हैदराबाद पाच-सहा तासांवर. आज हे दोन्ही आकडे फक्त तिकिटाचे आहेत. १९४८ च्या आधी मात्र सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख होता आणि अणदूर निजामाचा. मधे नाकं होतं. सोलापुरात छापलेला पेपर अणदूरात वाचणं ही जोखीम असू शकत होती. इंग्रजी राज्य म्हणजे काही मोकळं रान नव्हतं. सोलापूरनं १९३० साली मार्शल लॉ सोसला होता. तरीही निजामाच्या राज्यातल्या माणसाला बोलायचं असलं की तो नाकं ओलांडून सोलापूरला जायचा. यावरून अलीकडं काय असेल याचा अंदाज यावा.

'गश्ती' हा शब्द आता आपल्याकडं कुणी वापरत नाही, पण त्याचा सख्खा भाऊ रोज भेटतो : गस्त. 'गश्त' म्हणजे फिरणं, फेरी. पोलीस फिरले की गस्त, कागद खात्याखात्यांतून फिरला की गश्ती. म्हणजे परिपत्रक. निशाण म्हणजे क्रमांक. परिपत्रक क्रमांक ५३, इतकं साधं नाव. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या शेवटी निघालेल्या या कागदाचं म्हणणंही साधं होतं : सभा घ्यायची तर आधी परवानगी घ्या. विषय राजकीय वाटला तर प्रकरण वर जाणार. 'वाटला' हे महत्त्वाचं, कारण कुणाला वाटायचं हे ठरलेलं होतं आणि ते सभा घेणाऱ्याला नव्हतं. त्यामुळं ग्रंथालयाचा वार्षिक कार्यक्रम असो की गणपतीतलं व्याख्यान, अर्ज करायचा आणि वाट बघायची. खासगी शाळा काढायलासुद्धा परवानगी लागायची. आमच्याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ साली निघालेली राष्ट्रीय शाळा या वातावरणात चालली. तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक मुख्याध्यापक झाले आणि तिथंच त्यांनी संन्यास घेतला. ते स्वामी रामानंद तीर्थ.

मला या सगळ्यात एक गोष्ट विलक्षण वाटते. गश्तीनं बोलायला बंदी घातली नाही. बंदी घातली असती तर लोक चिडले तरी असते. गश्तीनं फक्त अर्ज करायला लावला. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला वेगळ्या नावानं ओळखतो : विनंती नाकारायची नाही, नुसती 'पेंडिंग'मध्ये ठेवायची. थोड्या दिवसांनी विनंती करणारा आपणच टॅब बंद करतो.

आता हैदराबादकडं जाऊ, कारण त्या काळी धाराशिवच्या मुलाला पदवी घ्यायची तर वाट तिकडंच जायची. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं. आमचा जिल्हाही त्यांच्याच नावाचा, उस्मानाबाद. (हे नाव २०२३ मध्ये गेलं.) उस्मानियाची गोष्ट निव्वळ जुलमाची म्हणून सांगणं खोटं ठरेल. देशातली बाकीची विद्यापीठं इंग्रजीत शिकवत असताना या एका विद्यापीठानं ठरवलं की विज्ञान, कायदा, वैद्यक सगळं उर्दूत शिकवायचं. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढलं, दारुल तर्जुमा. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा माणूस तिथं होता. पुढं जोश मलिहाबादींनीही तिथं नोकरी केली. रसायनशास्त्राला देशी भाषेत शब्द घडवायचे, हा प्रयोग त्या काळात धाडसाचाच. फक्त राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी नाहीतर कानडी बोलायची. बीडचा, परभणीचा, उस्मानाबादचा मराठी मुलगा उर्दूतून केमिस्ट्री शिकायचा. शिकलेही बिचारे, आणि चांगले शिकले. आमच्या भागातल्या जुन्या वकिलांच्या बोलण्यात उर्दू जी लोण्यासारखी यायची ती तिथली.

१९३८ हे साल हैदराबाद संस्थानात तापलेलं होतं. स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच सप्टेंबरात तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या तुकडीनं सत्याग्रह सुरू केला, पाठोपाठ स्वामीजींना अटक झाली. आर्य समाजाचं आणि हिंदू महासभेचं आंदोलन वेगळं चालू होतं. सरकारच्या नजरेत हे तिन्ही एकच होतं, आणि ते तसं ठरवणं सरकारच्या सोयीचंही होतं.

या गदारोळात नोव्हेंबरमध्ये ठिणगी पडली ती सभेतून नव्हे, हॉस्टेलातल्या प्रार्थनेतून. हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या खोलीत 'वंदे मातरम्' म्हणायचे. वरून हुकूम आला, म्हणायचं नाही. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही हेच झालं, उस्मानियाच्या हॉस्टेलातही. प्रशासनाचं म्हणणं : हे गाणं राजकीय आहे आणि इतर विद्यार्थ्यांच्या भावना दुखावणारं आहे. मुलांचं म्हणणं : ही आमची प्रार्थना आहे, आमच्या खोलीत आहे.

इथं थोडं थांबायला हवं. कारण आज ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एकाच बाजूनं धावत सुटतात. गाण्याबद्दलचा आक्षेप उस्मानियाच्या कुलगुरूंनी शोधून काढलेला नव्हता. वर्षभरापूर्वीच, ऑक्टोबर १९३७ मध्ये, खुद्द काँग्रेस कार्यकारिणीनं या आक्षेपाची दखल घेऊन राष्ट्रीय कार्यक्रमांत पहिली दोनच कडवी म्हणावीत असं ठरवलं होतं. म्हणजे यावर वाद होऊ शकत होता आणि देशात तो चालू होता. विद्यापीठ ही असा वाद नीट घालायची जागा. एक मुसलमान विद्यार्थी आणि एक हिंदू विद्यार्थी समोरासमोर बसून 'हे गाणं माझं का' आणि 'हे गाणं माझं का नाही' हे एकमेकांना सांगू शकले असते, तेही एकाच उर्दूत! तसं झालं नाही. त्याऐवजी हुकूम निघाला. आणि हुकूम निघाला की वाद संपतो आणि बाजू सुरू होतात. त्या गाण्याची पुढची हकीकतही तशीच आहे. १९५० मध्ये त्याला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान मिळाला, आणि आता 'म्हणायचं नाही'च्या जागी 'म्हणायलाच पाहिजे' असं दरडावणारे भेटतात. नोव्हेंबर १९३८ च्या त्या मुलांना हा दुसरा हुकूम कसा वाटला असता, हे मला त्यांनाच विचारायला आवडलं असतं.

मुलांनी गाणं सोडलं नाही. आधी ताकीद, मग हॉस्टेलातून बाहेर, मग संप, मग नाव कमी. औरंगाबाद, गुलबर्गा, वरंगळ असा संप पसरत गेला. शेकडो विद्यार्थ्यांची नावं कॉलेजांच्या पटावरून गेली. यातले कित्येक जण खेड्यातून आलेले, घरातले पहिलेच शिकणारे होते. बापानं शेत गहाण ठेवून पाठवलेला पोरगा गाण्यासाठी नाव कापून घेऊन घरी आला, तर आपल्याकडच्या घरात काय संवाद होतो याची कल्पना तुम्ही-मी करू शकतो. पप्पांची ती संध्याकाळची गाडी मला इथं आठवते.

शाळेच्या पुस्तकात हा लढा दोन ओळींत उरकतो : विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला, त्यांना काढण्यात आलं. खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. काढलेल्या मुलांनी जायचं कुठं? डिग्री अर्धी, शिक्षण उर्दूतलं, कपाळावर शिक्का. त्यांना दार उघडलं नागपूर विद्यापीठानं. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना घेतलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं, हा राजकीय योग होताच. पण मंत्रिमंडळं प्रवेश देत नाहीत. कुणीतरी कार्यालयात बसून उस्मानियाचे पेपर नागपूरच्या कशाशी जुळतात हे बघितलं असणार, कुणी सही केली असणार. मुलांना तिथं उर्दूतली केमिस्ट्री विसरून इंग्रजीतली शिकावी लागली. मला हा भाग संपाइतकाच शूर वाटतो. घोषणा देणं एका दुपारीचं काम असतं. परक्या गावात परक्या भाषेत पुन्हा पहिल्या पानापासून अभ्यास करायला वर्षं लागतात.

त्या लाटेत वरंगळकडचा एक हुशार मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. नागपूर विद्यापीठ आणि पुण्याचं फर्ग्युसन यांमुळं मराठी त्यांना इतकी आली की पुढं त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. नागपूरजवळच्या रामटेकमधून ते खासदार झाले. १९९१ साली पंतप्रधान झाल्यावरचं बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. एका हॉस्टेलातल्या हुकुमानं तेलुगू वाचकाला मराठी कादंबरी मिळाली, असं म्हणायचा मोह होतो. पण ते श्रेय हुकुमाचं नाही, उघडलेल्या दाराचं आहे.

स्टेट काँग्रेसनं गांधीजींच्या सल्ल्यानं डिसेंबरच्या अखेरीस सत्याग्रह थांबवला. त्याच दिवसांत आमच्या शेजारी सोलापुरात बापूजी अणेंच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली. नाक्याच्या अलीकडं जे बोलता येत नव्हतं ते पलीकडं मांडवात बोललं गेलं. बाहेर पडलेली मुलं दहा वर्षांत मोठी झाली, काही पुढच्या लढ्यात उतरली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. गश्तीही गेली.

पटकथा इथं संपवता आली असती. पण मराठवाड्यात गोष्टी तिथं संपत नाहीत.

२३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला नेहरू आले. पदवीसाठी हैदराबाद गाठायची वेळ संपली. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्याच शहरात कॉलेज काढलं होतं, पुढचं मिलिंद महाविद्यालय. आमच्या बाजूच्या गावांतल्या दलित घरांतून जी पहिली पदवीधर पिढी निघाली, ती बऱ्याच अंशी नागसेनवनातून निघाली. त्यांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या अशी मागणी केली. १९७७ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारिणीनं अनुकूल ठराव केला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तो संमत केला. आणि त्या रात्रीपासून मराठवाडा पेटला.

या वादाची एक बाजू लढवणारे कोण होते, हे वाचताना मी खरंच फोन खाली ठेवला होता. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ होते, 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव होते. निजामाविरुद्ध आयुष्य पणाला लावलेली माणसं. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता : 'मराठवाडा' हे नाव आम्ही लढून मिळवलंय, ती प्रदेशाची अस्मिता आहे. यावर दुसरी बाजू म्हणत होती की त्या अस्मितेत आम्ही कधी मोजलो गेलो? हा विद्यापीठात व्हावा असाच वाद होता. त्यावर वर्षभर परिसंवाद झाले असते, पुस्तकं निघाली असती.

झालं काय, तर विद्यापीठापासून कोसो दूर, ज्यांच्या घरात कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं, त्या वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं, सुगावला जनार्दन मवाडेंना. १९३८ च्या मुलांनी आपल्या शब्दांची किंमत स्वतः दिली होती, स्वतःचं नाव पटावरून कापून. १९७८ मध्ये वाद घातला एकांनी आणि किंमत दिली भलत्यांनी. ज्येष्ठांनी जाळपोळ करायला सांगितलं नव्हतं, हे मान्य. पण गप्प बसवलं जाणं म्हणजे काय हे या महाराष्ट्रात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आपल्या लेखाखाली वस्ती जळते आहे असं दिसल्यावर लेखाची भाषा बदलायला हवी होती, असं मला वाटतं. हे मी २८ वर्षांच्या वयात एसीत बसून म्हणतोय याची मला जाणीव आहे. तरीही वाटतं.

ठराव सोळा वर्षं तसाच पडून राहिला. पेंडिंग! लाँग मार्च झाला, तुरुंग भरले, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव. हिप्परग्याच्या मुख्याध्यापकांचं.

आणि १९९४ मध्येच आणखी एक गोष्ट झाली, जिच्यासाठी कुणी रस्त्यावर आलं नाही. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला. कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, निवडणुकांतली गुंडगिरी वाढली होती. कारण खोटं नव्हतं. उपाय मात्र गश्तीच्या वळणाचा होता. विद्यार्थी प्रतिनिधी आता मार्कांवर ठरणार. वर्गात पहिला येईल तो वर्गाचा आवाज. ज्या वर्षी आमच्या विद्यापीठांच्या कमानींवर दोन लढवय्यांची नावं लागली, त्याच वर्षी कमानीच्या आत मत द्यायची सोय बंद झाली, आणि नावांच्या जल्लोषात आणि शोकात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी १९९७ चा. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मी एकदाही मत दिलं नाही. आमचा प्रतिनिधी टॉपर होता, सज्जन होता, आणि त्याला आमच्यातल्या निम्म्यांची नावं माहीत नव्हती. २०१६ च्या नव्या कायद्यानं थेट निवडणुका परत आणल्या, कागदावर. २०१९ मध्ये त्या होणार म्हणून जाहीर झालं, आणि विधानसभेच्या निवडणुका आहेत म्हणून त्या पुढं ढकलल्या गेल्या. एका निवडणुकीसाठी दुसरी!

सध्या मी हैदराबादला नोकरी करतो. एकदा रविवारी उस्मानियाच्या आवारात फिरलो. आर्ट्स कॉलेजची ती भव्य दगडी इमारत संपानंतर वर्षभरानं, १९३९ मध्ये सुरू झाली. तेलंगणाच्या आंदोलनात देशानं टीव्हीवर बघितली ती हीच. पायऱ्यांवर मुलं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली होती. याच विद्यापीठानं मार्च २०२५ मध्ये परिपत्रक काढून विभाग, कॉलेजं आणि कार्यालयांच्या आवारात धरणं, निदर्शनं आणि घोषणा यांना मनाई केली. कारण दिलं कामकाजात अडथळा येतो. परिपत्रकाला उर्दूत काय म्हणतात ते आता तुम्हाला माहीत आहे.

यंदा जूनमध्ये अणदूरला होतो. मावसबहिणीला प्रवेश घ्यायचा होता. रांग नव्हती, अंगणात बाजेवर बसून तिच्या फोनवर फॉर्म भरत होतो. सातव्या पानावर एक चौकोन आला. त्यावर बोट ठेवलं तर एक लांबलचक मजकूर उघडत होता, बाराव्या मुद्द्यात तेच वाक्य : परवानगीशिवाय सभा नाही, राजकीय हालचाली नाहीत. मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मग टिक करू का नको?" तिनं विचारलं.

नको केलं तर 'पुढे' हे बटण राखाडीच राहत होतं. आम्ही दोघांनी करून बघितलं. दोनदा.

"दादा, सेशन संपायलंय," ती म्हणाली.

तिनं टिक केलं. पुढचं पान फीचं होतं.